परमुलखी रुजलेली मराठी माणसे : प्रस्तावना

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा लेबनॉन हा देश क्षेत्रफळाने आमच्या बीड जिल्ह्याहूनही किंचित लहान आहे. बीडचे क्षेत्र १०,६९३ चौरस किलोमीटर, तर लेबनॉनचे १०,४५२. असे असूनही, एवढ्याशा डोंगराळ मुलखातून गेल्या दीडशे वर्षांत जी माणसे बाहेर पडली, त्यांच्या मुला-नातवंडांची नावे आज जगाच्या कोणत्याही चरित्रकोशात पानोपानी आढळतात. मेक्सिकोतील अब्जाधीश कार्लोस स्लिम यांचे वडील १९०२ साली लेबनॉनमधून त्या देशात उतरले. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्षपद २०१६ ते २०१८ या काळात भूषविणारे मिशेल तेमेर हे लेबनॉनमधून आलेल्या आई-बापांचे पुत्र. शरीर परके अवयव का नाकारते याच्या संशोधनासाठी १९६० साली नोबेल पारितोषिक मिळविणारे पीटर मेदावर ब्राझीलमध्ये जन्मले, इंग्लंडमध्ये वाढले आणि पित्याकडून लेबनीज होते. ज्यांच्या रूपककथांचा परिचय वि. स. खांडेकरांनी मराठी वाचकाला करून दिला, ते खलील जिब्रान १८८३ साली ब्शर्री या डोंगरी गावात जन्मले आणि बाराव्या वर्षीच आईबरोबर बोस्टनला गेले. तुती आणि रेशमाचे किडे यांवर त्या डोंगरातील कुटुंबे जगत असत. परंतु १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, चीन-जपानचे स्वस्त रेशीम युरोपात येऊ लागले, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच त्या प्रदेशातील सुमारे एक-तृतीयांश लोकसंख्या जहाजांत बसली. त्यांच्याजवळ तुर्की सल्तनतीचे परवाने असल्यामुळे दक्षिण अमेरिकेत त्यांना ‘तुर्क’ म्हणूनच हाका मारीत. आज लेबनॉनमध्ये नांदतात त्यांहून अधिक लेबनीज वंशाची माणसे लेबनॉनबाहेर नांदतात, आणि त्यांचा वृत्तांत राखणारे ग्रंथ, वृत्तपत्रे व मंडळे त्यांनी स्वतःच देशोदेशी उभी केली.

मराठी बोलणाऱ्या समाजातूनही तीनशे-साडेतीनशे वर्षे माणसे बाहेर जात आली आहेत. त्यांतले कोणी तलवारीच्या जोरावर गेले, कोणी करारावर अंगठा उठवून, कोणी विद्येसाठी, तर कोणी पराभवानंतर बंदिवान होऊन. त्यांच्या वंशजांपैकी ज्यांनी परमुलखी नाव मिळविले, अशांची चरित्रे एकत्र आणण्याचा जो उद्योग या संग्रहात झाला आहे, त्याची प्रस्तावना लिहिण्यास मी मोठ्या आस्थेने प्रवृत्त झालो. मात्र आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नामवंत वंशजावर हक्क सांगणे सोपे असते. त्याचा आजा-पणजा ज्या दिवशी गाव सोडून निघाला, त्या दिवसाची नोंद आपल्या कोणत्याही दप्तरात नसते. ज्या समाजाने जाणाऱ्यांचा हिशेब ठेवला नाही, त्याने परत न आलेल्यांच्या कीर्तीवर वारसा कोणत्या दाखल्याने सांगावा, हा प्रश्न मला या संग्रहाच्या मुळाशीच दिसतो.

हा प्रश्न लिंबागणेशसारख्या गावी बसून विचारण्याला काही औचित्य आहे. बालाघाटाच्या रांगेतील हे आमचे गाव भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे ओळखले जाते. शापदग्ध चंद्राने येथे गणेशाची आराधना केली, अशी येथील आख्यायिका आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमदानीत होता, आणि पाऊस त्या अमदानीतही आजच्यासारखाच अनिश्चित होता. दसरा उलटला की या पंचक्रोशीतून, तसेच पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या वा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, लहान लेकरांसह पाच-सहा महिने काढावयाचे असतात. आजारपणाने का होईना, एक दिवस कामावर न गेल्यास त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याची रक्कम मजुरीतून कापली जाते, ती बुडालेल्या रोजाहूनही पुष्कळदा जास्त असते. अशी लाखो माणसे दरवर्षी जिल्ह्याबाहेर जातात नि येतात. मात्र त्यांच्या नावांचे एकही पुस्तक जिल्ह्यात पूर्णपणे लिहिले गेलेले नाही.

या पार्श्वभूमीवर मॉरिशसच्या मराठी समाजाची कथा वाचताना मला हा संग्रह मधेच मिटून काही वेळ नुसते बसावे लागले. त्या बेटावर १८३५ साली गुलामगिरी संपुष्टात आली, आणि फ्रेंच मळेवाल्यांचा ऊस तोडण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्याचा क्रम त्याच सुमारास सुरू झाला. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुतेक कलकत्ता व मद्रास बंदरांतून आली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मात्र रत्नागिरी, सावंतवाडी आणि लगतच्या कोकणपट्टीतील मराठी माणसे होती. करार बहुधा पाच वर्षांचा असे, आणि त्यालाच लोक ‘गिरमिट’ म्हणत. मजूर एक दिवस गैरहजर राहिला की त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागे. त्या बेटावरच्या कायद्यानेच ही दुहेरी कपात मान्य केलेली होती. खाडा म्हणजे काय हे ज्याला समजले आहे, त्या बीडच्या माणसाला ही तरतूद समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

तथापि एका बाबतीत ते मजूर आमच्या टोळ्यांपेक्षा वेगळे ठरले, आणि या वेगळेपणाचे श्रेय त्यांना राबविणाऱ्या सरकारच्याच कागदी शिस्तीला द्यावे लागते. धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण आणि त्याला दिलेला क्रमांक यांची नोंद होत असे. पुढे १८६० नंतरच्या दशकात तर छायाचित्रेही काढण्यात येऊ लागली. हा सर्व दस्तऐवज आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेला आहे, आणि आपला पणजोबा कोणत्या गलबताने, कोणत्या गावाहून आला हे शोधण्यासाठी तेथील वंशज येऊन त्या पानांवर बोट फिरवितात. नोंदणारा कारकून इंग्रज वा फ्रेंच वळणाचा. त्याच्या कानाला जे नाव जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले, आणि आजोबाचे असे वेडेवाकडे लिहिलेले नावच पुढे कुटुंबाचे आडनाव होऊन बसले. मूळचे आडनाव, भावकी, कुलदैवताचे ठाणे हे सारे त्या एका रकान्याबाहेर राहिले. पोर्ट लुईचा तो धक्का आप्रवासी घाट या नावाने २००६ साली जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाला.

या लोकांच्या घरांत आज बोलीभाषा क्रिओल असते. तरीही कास्कावेल, आँरिएता, वाक्वा या ठिकाणच्या मराठी वस्तीत गणपती बसतो, कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते, शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि गणेशचतुर्थीला तर त्या संपूर्ण देशात सार्वजनिक सुटी असते. आमच्या भालचंद्राच्या दारी चतुर्थीला रांग लागलेली असते तेव्हा हिंदी महासागराच्या पलीकडे एक सार्वभौम राष्ट्र त्याच गणपतीसाठी आपली दफ्तरे बंद ठेवते, ही गोष्ट आपल्याकडील शाळकरी मुलांना कोणी सांगितल्याचे मला आढळले नाही. संग्राहकांनी मॉरिशसच्या प्रकरणात मंत्री, शिक्षक, लेखक यांची चरित्रे दिली आहेत, ती योग्यच आहेत; परंतु माझ्या दृष्टीने त्या प्रकरणाचा खरा गाभा क्रमांक धारण करणाऱ्या त्या अप्रसिद्ध पणजोबांच्या नोंदी छापल्या आहेत तेथे आहे, आणि वाचकाने तेथून सुरुवात करावी अशी माझी विनंती आहे.

राजेलोकांचा भाग याच्या नेमका उलट आहे, कारण राजाला आपला वृत्तांत दगडावर कोरवून घेता येतो. वेरूळच्या भोसल्यांच्या घराण्यातील व्यंकोजीने तंजावर जिंकले ते १६७५-७६ च्या सुमारास, आणि १८५५ साली शेवटचा राजा शिवाजी निपुत्रिक वारला तोपर्यंत तमिळ प्रदेशाच्या त्या सुपीक खोऱ्यात मराठी राज्यकर्त्यांची गादी, क्षीण का होईना, नांदत राहिली. दुसऱ्या सरफोजीने सरस्वतीमहाल ग्रंथालय समृद्ध केले, आणि १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. आजही त्या भव्य चोल देवालयाच्या प्रदक्षिणेत मराठवाड्यातल्या एका घराण्याची बखर उभ्या दगडात वाचावयास मिळते. त्या राज्याच्या आश्रयाने तेथे वसलेल्या मराठी कुटुंबांतून पुढे सर टी. माधवराव निघाले. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेला हा पुरुष प्रथम त्रावणकोरचा, नंतर होळकरांच्या इंदूरचा आणि शेवटी गायकवाडांच्या बडोद्याचा दिवाण झाला. ज्याच्या पूर्वजांनी दक्षिणेत जाऊन घर केले, त्याने उत्तरेकडील दोन मराठी संस्थानांची विस्कटलेली जमाबंदी व न्यायव्यवस्था सावरली, हा योग चरित्रकाराने अधिक विस्ताराने सांगितला असता तरी मला ते लांबलेले वाटले नसते. दक्षिणेतील अन्य मराठी कुळांविषयी संग्रहात एक स्वतंत्र प्रकरण आहे. बंगळूरला जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, ज्यांना जग रजनीकांत म्हणून ओळखते, त्यांचे मूळ पुरंदर तालुक्यातील मावडी कडेपठार, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊकच असेल.

वंश ही गोष्ट माणसाला उंच करते तशीच ती त्याला दारात अडवूनही धरू शकते, याचे अत्यंत बोचरे उदाहरण म्हणजे बेने इस्राएल समाज. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे ज्यू लोक शतकानुशतके मराठी बोलत आले. केहिमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे अलिबाग-रोह्याच्या नकाशातून उचललेली आहेत. मुक्तिदिनाच्या त्यांच्या प्रार्थनाग्रंथाचे मराठी भाषांतर मुंबईत १८४६ साली छापून निघाले, आणि पुढे बायबलातील आख्याने ते कीर्तनाच्या चालीवर गाऊ लागले. इंग्रजीतून लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल, चित्रपटांतील डेव्हिड अब्राहम चेऊलकर, स्त्रीवैद्यकातील अग्रणी डॉ. जेरुशा झिराड ही याच समाजाची रत्ने. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला जाऊन दिमोना, लोद, रामला, अश्दोद येथे वसली. तेथे मात्र १९६२ च्या सुमारास धर्मपीठाने असा दंडक घातला की, विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांच्या पिढ्या तपासल्या जाव्यात. हिंदुस्थानात ज्यांना ज्यू म्हणून ओळखत, त्यांना ज्यूंच्या देशात आपले ज्यूपण शाबीत करण्याची पाळी आली. त्यांनी सत्याग्रह केला, उपोषणे केली, आणि १९६४ साली तो भेदभाव मागे घेणे धर्मपीठास भाग पाडले. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्या भूमीवर काढणारे हेच लोक.

डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे चरित्र या संग्रहात घ्यावे की न घ्यावे, यावर संग्राहकांत मतभेद झाले, असे मला कळते. कारण ते वंशज नव्हेत, स्वतःच गेलेले आणि परत आलेले. ते घेतले गेले याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. वर्ध्यास जन्मलेला हा क्रांतिकारक जपान, कॅलिफोर्निया, पहिल्या महायुद्धात इराणची रणभूमी आणि नंतर बर्लिन अशी वणवण करून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचला. परत येण्याची वाट इंग्रजांनी बंद केली होती. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्याने मक्यावर संशोधन आरंभिले, मक्याच्या रानटी नातेवाइकाशी त्याचा संकर केला, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा याने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर भाकरीचे जे भित्तिचित्र रंगविले, त्यात मेजाशी बसून भाकरी मोडणारा पुरुष म्हणून खानखोजेच दाखविलेले आहेत. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार स्त्रीने काढली. २०२२ साली चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या देशात लेबनॉनहून आलेल्या फेरीवाल्यांच्या मुलांनी पेढ्या उभ्या केल्या, त्याच देशात वर्ध्याच्या एका माणसाने कणीस हाती धरून आपले स्थान मिळविले. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास येऊन राहिले आणि १९६७ साली तेथेच निवर्तले. कोरडवाहू मुलखातला माणूस परदेशी गेला तरी बियाण्याचाच विचार करीत राहिला, ही गोष्ट मला विलक्षण आपलेपणाची वाटते.

विदर्भाच्याच मातीतून आणखी एक घराणे समुद्रापार गेले. यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे आत्माराम गावंडे वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९६३ साली अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यातील अथेन्स या लहानशा शहरात शस्त्रवैद्य झाले. त्यांचे पुत्र डॉ. अतुल गावंडे यांचा जन्म १९६५ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. शस्त्रक्रियेपूर्वी काही साध्या गोष्टींची मोठ्याने पडताळणी केली तर कितीतरी जीव वाचतात, हे त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या आश्रयाने सिद्ध केले, आणि वार्धक्य व मृत्यू यांवर २०१४ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी आपले आजोबा सीताराम गावंडे यांना उभे केले. हा शेतकरी वयाची जवळजवळ एकशेदहा वर्षे जगला. शंभरी उलटल्यावरही घोड्यावर बसून शेताची पाहणी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि अखेर कोर्टाच्या कामासाठी तालुक्याला जाताना बसमधून पडून त्याचा अंत झाला. म्हातारपणी सुना-मुलांच्या भरल्या घरात त्याला जो मान नि जी मोकळीक लाभली, ती अमेरिकेतील वृद्धांना का लाभू नये, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. तथापि नातवाने ग्रामीण कुटुंबाचे नुसते गोडवे गायलेले नाहीत, त्या व्यवस्थेत तरुणांना, विशेषतः स्त्रियांना काय सोसावे लागते तेही त्याने पाहिले आहे. आत्मारामांनी आईच्या स्मरणार्थ उमरखेड येथे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय स्थापिले. या ठिकाणी ग्रंथातील वंशवृक्ष आणि जमिनीवरची वास्तू एकमेकांना दुजोरा देतात, आणि असा दुजोरा या संग्रहात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

राजकारणातील नावे वाचकांना वृत्तपत्रांतून परिचित आहेत, म्हणून त्यांवर मी फार रेंगाळत नाही. मालवण तालुक्यातील वराड या गावचे डॉ. अशोक वराडकर यांचे डब्लिनमध्ये जन्मलेले पुत्र लिओ वराडकर हे २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि २०२२ ते २०२४ या काळात पुन्हा त्या पदावर होते. त्याच काळात पोर्तुगालच्या पंतप्रधानपदी मडगावच्या घराण्यातील अंतोनियु कोश्ता होते. एका दिवसाच्या एस.टी. प्रवासात पालथी घालता येतील अशा दोन गावांची मुले युरोपातील शासनप्रमुखांच्या एकाच बैठकीत बसत होती, हे कोकण-गोव्याच्या किनाऱ्याचे भाग्य म्हणावे लागेल. विद्येच्या क्षेत्रात उज्जैनला जन्मलेले गणिती श्रीराम अभ्यंकर, ग्वाल्हेरचे नरेंद्र करमरकर, शिरपूरचे अभय अष्टेकर आणि कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी यांची प्रकरणे तज्ज्ञांनी लिहिली आहेत, त्यांवर मी अधिकारवाणीने काही बोलणे योग्य नव्हे. अर्थशास्त्राचे २०१९ चे नोबेल मिळविणारे अभिजित विनायक बॅनर्जी यांना मात्र संग्राहकांनी स्थान दिले ते त्यांच्या मातोश्री निर्मला, पूर्वाश्रमीच्या पाटणकर, यांच्या नात्याने. आणि हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या जुन्या वंशावळी केवळ पुरुषांच्या हातून लिहिल्या गेल्या, त्यांत सुना आल्या त्या केवळ कोणाच्या तरी आया म्हणून, आणि लेकी सासरी गेल्या की त्यांचा रकानाच बंद झाला. परमुलखात तर भाषा, चालीरीती, सणवार राखले ते बहुतेक आयांनीच. लेकीच्या वंशाला या संग्रहात प्रथमच बरोबरीचे पान मिळाले आहे.

एका प्रकरणाविषयी माझ्या मनात संकोच होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या संहारानंतर अब्दालीने बंदिवान मराठ्यांपैकी काही कलातच्या नासीरखानाच्या स्वाधीन केले, आणि बलुचिस्तानातील बुगटी टोळीत आजही ‘मराठा’ म्हणवून घेणारे लोक त्यांचेच वंशज, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांच्याजवळ ना शिलालेख, ना जहाजाची नोंद, ना महाविद्यालयाची पाटी. संग्राहकांनी हा वृत्तांत ‘परंपरा’ असे स्पष्ट नमूद करून दिला आहे, त्यास पुरावा म्हटलेले नाही. ही सावधगिरी ठेवली म्हणूनच मी ते प्रकरण राहू द्यावे असे सुचविले. ज्यांना कोणी मोजले नाही, त्यांच्या नावाचा उल्लेख तरी कोठे तरी असावा.

आता एक व्यावहारिक निवेदन. या संग्रहाची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा तिच्यात एक पुरवणी जोडण्याचा विचार आहे, आणि ती नामवंतांची नसेल. ज्यांच्या घरी मॉरिशस, पूर्व आफ्रिका, कराची, तंजावर वा इस्राएल येथून आलेली जुनी पत्रे, जहाजाचे दाखले, मोडीतील कैफियती वा नुसत्या आठवणी असतील, त्यांनी त्यांच्या नकला पाठवाव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत, ते कोणाच्याही हवाली करू नयेत. आणि आमच्या जिल्ह्यातील शिक्षकबंधूंना माझी स्वतंत्र विनंती आहे की, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नावे हजेरीपटावरून कमी होतात त्या दिवशी त्यांनी एका वेगळ्या वहीत मुलाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, मुकादमाचे गाव आणि कारखान्याचे ठिकाण एवढ्या पाच गोष्टी तारखेनिशी लिहून ठेवाव्यात, आणि हंगाम संपल्यावर मूल परत आले की त्याच ओळीपुढे परतीची तारीख घालावी.

लिंबागणेश, ता. व जि. बीड